औषध आता घराजवळ

फोन आला तेव्हा मी तहसील कार्यालयाबाहेरच्या टपरीवर पोहे खात होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे आमचे वृत्तसंपादक नमस्कार वगैरे करत नाहीत. परदेशातल्या मोठ्या सरकारांनी एड्ससाठीची जागतिक मदत कमी केली आहे, ती बातमी पहिल्या पानावर जाते आहे, सोबत स्थानिक चौकट हवी, असं त्यांनी सांगितलं. ‘तालुक्यावर काय परिणाम, दोनशे शब्द, चारच्या आत.’

मी तालुका वार्ताहर आहे. वीस वर्षांहून जास्त काळ, जगात जे जे घडलं त्याचा आमच्या तालुक्यावर काय परिणाम झाला, हे दोनशे शब्दांत सांगत आलो आहे. बहुतेक वेळा परिणाम काहीच झालेला नसतो. पण तसं लिहिलं तर दोनशे शब्द होत नाहीत.

तालुक्याचं नाव देत नाही. बुलडाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, एवढं पुरे. माणसांचीही नावं देत नाही. एचआयव्हीबाबतचा कायदा तसं सांगतो, आणि या हकिकतीतल्या मुख्य बाईनेही तसंच बजावलं आहे. दोघांपैकी मला बाईची भीती जास्त वाटते.

ग्रामीण रुग्णालयाच्या आवारभिंतीवर त्या महिन्यात नवीन रंगकाम झालं होतं. एक लाल फीत आणि तिच्याखाली निळ्या रंगात, हातभर उंचीचे आकडे: ९५-९५-९५. जगाने ठरवलेलं उद्दिष्ट आहे ते. लागण झालेल्यांपैकी पंच्याण्णव टक्क्यांना ती माहीत असावी, त्यांतल्या पंच्याण्णव टक्क्यांना औषध चालू असावं, आणि त्यांतल्या पंच्याण्णव टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असावा. पेंटरला हे सगळं लिहायचं होतं, पण आकडे मोठे काढल्यामुळे भिंत संपली. मी फाटकात शिरत होतो तेव्हा एक शेतकरी ते आकडे टिपून घेत होता. त्याने मला विचारलं, ‘भाऊ, सोयाबीनचं नवीन वाण आलं काय हे? तीनशे पस्तीस पेरलं मी, पण हे कुठी पाह्यलं नाही.’

वैद्यकीय अधीक्षक खुशीत होते. ‘परिणाम? काही नाही. औषध आपलं सरकार देतं. उलट चांगली बातमी लिहा.’ चांगली बातमी अशी होती की, एचआयव्हीची औषधं घ्यायला आमच्या तालुक्यातल्या लोकांना आजवर बाहेर जावं लागायचं. येत्या महिन्यापासून ती इथेच, सहा नंबरच्या खोलीत मिळणार होती. ‘रुग्णाला त्याच्या घराच्या जवळात जवळ औषध,’ अधीक्षक म्हणाले, ‘हे धोरण आहे. येण्याजाण्याचा त्रासच संपला.’

सहा नंबरचा समुपदेशक बाजूला उभा होता. तिशीतला, जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा, जालन्याच्या हद्दीवरचा. तो खुश दिसत नव्हता. खुश नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो, हे मला माहीत आहे. पण साडेतीन झाले होते.

बाहेर पडताना केसपेपरच्या खिडकीवरून जावं लागतं. खिडकीत बसणाऱ्या बाईंची ओळख इथेच करून देतो, कारण पुढे त्या लागणार आहेत. वय पन्नासच्या पुढे, नोकरी वीस वर्षं, आणि आवाज फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत. रुग्ण खिडकीशी वाकून हळू आवाजात काय होतंय ते सांगतो. बाई ते लिहून घेतात आणि आतल्या शिपायाला मोठ्याने कळवतात: ‘जुलाब, तीन नंबर! नायटा, पाच नंबर!’ मग रांगेतले लोक नायटेवाल्याला घरगुती उपाय सुचवतात. अधीक्षकांनी त्यांना दोनदा समज दिली होती. दोन्ही वेळा त्यांनी ‘हाव साहेब’ म्हटलं होतं, तेही फाटकापर्यंत ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकट छापून आली. मथळा मीच दिला होता: ‘औषध आता घराजवळ’.

सोमवारी बाजार असतो. मी ज्या बाईकडून वांगी घेतो ती जवळच्याच खेड्यातली. स्वतःच्या दीड एकरात भाजीपाला करते आणि स्वतःच विकते. विधवा आहे. माझा अंक तिच्यासमोर घडी करून ठेवला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक वांगं ठेवलं होतं.

‘हे तुमीच छापलं?’

‘हो.’

‘मंग वापस घ्या.’

‘बातमी वापस घेता येत नाही, बाई.’

‘काऊन? माह्यं वांगं किडकं निंघालं तर मी वापस घेते का नाही?’

बातमीत किडकं काय आहे, असं मी विचारलं. तिने आजूबाजूला पाहिलं, मिरचीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडते आहे याची खात्री केली आणि म्हणाली, ‘आमच्या गावात एक बाई हाये.’

ती बाई म्हणजे ती स्वतःच, हे मला तिसऱ्या वाक्याला कळलं. मला कळलं हे तिलाही कळलं. तरी आजपर्यंत आम्ही दोघं त्या बाईबद्दल तिसऱ्या माणसासारखंच बोलतो, आणि हा मजकूर छापायची परवानगीही मला ‘त्या बाईची’ म्हणूनच मिळाली आहे.

त्या बाईला औषध चालू होऊन अकरा वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर तिला स्वतःचं कळलं. तेव्हापासून महिन्यातला एक गुरुवार ठरलेला. पहिल्या बसने शेगाव, महाराजांचं दर्शन, मग स्टेशनवरून गाडीने शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात, औषध घेऊन परत शेगाव, स्टेशनबाहेरची कचोरी आणि शेवटच्या बसने घर. गावाला माहीत होतं ते एवढंच, की बाईचा गुरुवारचा नवस आहे. हातात प्रसाद आणि पिशवीत कचोरी असल्यावर संशय घ्यायला जागाच राहत नाही. उलट गावात तिचं नाव झालं. चार बायका तिच्या पाया पडायला लागल्या.

पुढे सरकारने दया केली आणि औषध एकदम तीन महिन्यांचं द्यायला सुरुवात केली. रुग्णांच्या खेपा वाचाव्यात म्हणून. तिची एकही खेप वाचली नाही. ‘नवस काय तिमाही असते काय, भाऊ?’ ती म्हणाली. उरलेले दोन महिने ती बाई नुसतीच शेगावला जाऊन येत होती.

आता सरकारने दुसऱ्यांदा दया केली होती आणि औषध घराजवळ आणून ठेवलं होतं.

‘त्या बाईची एक पोरगी हाये,’ ती म्हणाली. ‘पोरीले काही नाही, दोन खेप तपासली. तिची सोयरीक झाली. येत्या रविवारचा पुढचा रविवार, साखरपुडा.’

‘चांगलं झालं.’

‘पोराची माय कोन हाये, इचारा.’

‘कोण?’

‘खिडकीवाली.’

मी हातातली वांगी खाली ठेवली.

‘आता ती बाई खिडकीत जाऊन काय सांगन? सहा नंबर म्हणून सांगन? अन् ते तिची इहीणबाई आत वरडून सांगन? साखरपुड्याची पत्रिका वाटायचं कामच नाही मंग. अख्ख्या तालुक्याले एका टायमात समजते.’

मी म्हणालो, यात मी काय करणार, माझं काम बातमी देण्याचं.

‘छापाचं काम तुमचं, अन् निस्तराचं कोनाचं?’

मंगळवारी मी सहा नंबरच्या खोलीत गेलो.

समुपदेशकाने आधी दार लावलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, त्यानेही विचारलं नाही. त्याच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. आमच्या तालुक्यातल्या बहुतेकांना औषध लांबच हवं होतं. दुसऱ्या गठ्ठ्यात शेजारच्या तालुक्यातले अर्ज होते. त्यांना तिकडे नवीन केंद्र मिळालं होतं, म्हणून ते इकडे येऊ पाहत होते.

‘तिकडचे इकडं यायलेत, इकडचे तिकडं जायलेत,’ तो म्हणाला. ‘दोन बसा रस्त्यात समोरासमोर येतेत बघा. मी म्हणलो साहेबांना, जवळ देऊ नका, यांना लांबच बरं. साहेब म्हणले, जवळ हे धोरण आहे.’

केंद्र बदलायच्या अर्जात कारणांचे रकाने होते: नोकरी, शिक्षण, स्थलांतर, विवाह, इतर. शेजारीपाजारी असा रकाना नव्हता. तेवढ्यात दार वाजलं आणि वांगीवाली बाई आत आली. मला पाहून तिने मान वळवली आणि समुपदेशकाला सांगितलं, आपण त्या दुसऱ्या बाईच्या कामासाठी आलो आहोत. त्याने कार्ड पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि अर्ज पुढे केला. बाईने ‘इतर’वर बोट ठेवलं.

‘इथं लिवा, नवस.’

‘मावशी, सरकारी कागद आहे हा.’

‘मंग सरकारले सांगा, देवाचं काम हाये म्हणा.’

त्याने लिहिलं. तीन दिवसांत हे कारण कसं पसरलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक अर्जात ‘इतर’समोर ‘नवस’ होतं. अर्ज जिल्ह्याला गेले. तिकडून पत्र आलं. ते समुपदेशकाने मला दाखवलं नाही, वाचून दाखवलं: ‘सदर तालुक्यात नवसाचे प्रमाण अधिक असण्यामागील कारणांचा खुलासा करावा.’ निर्णय मात्र राखून ठेवला होता, कारण मध्येच पाहणी आली.

जागतिक निधी देणाऱ्या एका संस्थेचा परदेशी पाहुणा आणि दिल्लीच्या एक मराठी अधिकारी बाई असे नवीन केंद्र बघायला येणार होते. आमचा तालुका त्यांच्या रस्त्यावर पडत होता. रुग्णाच्या घराजवळ पोचलेली सेवा कशी असते ते त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं. दिवस ठरला गुरुवार. साखरपुड्याच्या आधीचा.

गुरुवारी मी सकाळी दहाला पोचलो. नवा महिना लागला होता, केंद्र सुरू झालं होतं. सहा नंबरसमोर बारा जणांचं नवं बाक ठेवलं होतं, रेक्झिनचं. त्यावर कुणीही नव्हतं. सगळे रुग्ण नवस फेडायला गेले होते.

अधीक्षक घामाघूम होते. ‘बाक रिकामं दिसलं तर विचारतील, केंद्र दिलं कशाला,’ ते म्हणाले. मी म्हणालो, रुग्ण दाखवता येत नाहीत, कायदा आहे. ‘दाखवायचे नाहीत हो, दिसायला पाहिजेत,’ ते म्हणाले. मग त्यांनी शोधून काढलेला उपाय प्रशासकीय दृष्टीने निर्दोष होता. ज्यांना काहीच झालेलं नाही अशांना बसवलं, तर गोपनीयता भंगण्याचा प्रश्नच उरत नाही. रुग्णवाहिकेचा चालक, कनिष्ठ लिपिक, पहारेकरी आणि खिडकीवाल्या बाई, अशा चौघांना तोंडाला रुमाल-ओढणी बांधून बाकावर बसवण्यात आलं.

‘खिडकी कोन पाह्यन?’ खिडकीवाल्या बाईंनी विचारलं.

‘अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.’

‘बोलाचं काय?’

‘काही बोलायचं नाही. खाली पाहायचं.’

पाहुणे आले. पाहुणा उंच होता, दारातून वाकून आला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला. दिल्लीच्या बाईंनी त्याचा प्रश्न मराठीत सांगितला: इथली सेवा तुम्हाला कशी वाटते, मोकळेपणाने सांगा. चालकाने खाली पाहिलं. लिपिकाने खाली पाहिलं. पहारेकऱ्याने आधीच डोळे मिटले होते.

वीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांचे आजार मोठ्याने सांगितले, तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं की तुझं म्हणणं काय.

‘पंखा!’ त्या म्हणाल्या.

पाहुण्याने वर पाहिलं.

‘हा पंखा उन्हाळाभर बंद हाये. थंड पाणी तुमी आले म्हणून आज हाये, उद्या नाही. बायाईच्या संडासाले कडी नाही. अन् डॉक्टर अकराले येते, लोक आठपासून बसते. लिवा हे!’

अधीक्षक भिंतीला टेकले. दिल्लीच्या बाई शब्दनशब्द भाषांतर करत होत्या. पाहुण्याने वही काढून लिहून घेतलं, मग तो बाकावर खिडकीवाल्या बाईंच्या शेजारी बसला, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जे म्हणाला ते असं: मी पुष्कळ देशांत पुष्कळ रुग्णांना भेटलो, पण आजाराला न घाबरता हक्क मागणारा इतका निर्भय रुग्ण पाहिला नाही. मग मला पाठमोरा फोटो काढायला सांगितलं. मी काढला. फोटो चांगला आला आहे: मागून बाई, एक हात पाहुण्याच्या हातात, दुसरा पंख्याकडे.

केसपेपरच्या खिडकीसमोर तेव्हा मोठी रांग होती. खिडकीत कुणी नसल्यामुळे त्या रांगेला बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. ओढणीने चेहरा झाकतो, आवाज नाही.

‘अवं, हे तं आपली खिडकीवाली!’

‘सहा नंबरच्या बाकावर?’

‘त्या गोऱ्यानं हात धरून धीर देला तिले. पाह्यलं नाही काय?’

संध्याकाळी मी घरी पोचलो, तर बातमी माझ्या आधी पोचली होती.

शुक्रवारी सकाळी खिडकीवाल्या बाई मुलाला घेऊन माझ्या दारात आल्या. मुलगा पंपाच्या दुकानात कामाला आहे, शांत आहे. त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला फारशी संधी नसावी. त्यांना पेपरात खुलासा द्यायचा होता.

‘लिवा, का मले तो आजार नाही.’

मी समजावलं. गुरुवारी दवाखान्यात जेवढे होते त्यांनाच आज हे माहीत आहे. खुलासा छापला की अंक जातो तिथवर सगळ्यांना माहीत होईल.

‘मंग रगत तपासून तो कागद छापा. तपासलं मी कालच. काही नाही निंघालं.’

‘कागद छापला तर लोक काय म्हणतील?’

उत्तर मुलाने दिलं. ‘म्हणतीन, दवाखान्यातलीच हाये, कागद तिच्याच हातचा.’

‘लोक केसपेपर दोन बोटाईनं घेऊन राह्यले माह्या हातचा,’ त्या म्हणाल्या. हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. माझी बायको आतून बाहेर आली, कोण आलं आहे ते बघायला. आवाज तिला ओळखू आला नव्हता.

शनिवारी दुपारी वांगीवाल्या बाईचा मोठा दीर माझ्याकडे आला. घरात तोच कर्ता. ही सोयरीक मोडायची, असं त्याने ठरवलं होतं. ‘आजारी घरात पोरगी द्याची नाही आपल्याले. पन मांगून वाकडं नको. तुमी पेपरवाले हा, तुमच्यासमोर बोलू.’ मी त्याच्यासोबत गेलो. आमच्या मागे वांगीवाली बाई चालत होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

खिडकीवाल्या बाईंच्या बैठकीत आम्ही बसलो. त्यांचे यजमान एका कोपऱ्यात, मुलगा दारात. चहा आला. आमच्याकडे अशा बैठकीत कोण काय बोललं यापेक्षा चहा कुणी घेतला आणि कुणी ठेवला, हे आधी पाहतात. दीराने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

‘घ्या ना,’ खिडकीवाल्या बाई म्हणाल्या.

‘उपास हाये मले.’

‘उपासाले चहा चालते.’

‘माह्या उपासाले नाही चालत.’

कपावर साय धरायला लागली. दीराने घसा साफ केला. तो पुढचं वाक्य बोलला असता तर सोयरीक तिथेच संपली असती. वांगीवाली बाई गप्प बसली असती तर तिचं गुपित सुरक्षित होतं, आणि पोरीचं लग्न मोडणार होतं. बोलली असती तर दीर विचारणार होता, तुला एवढं कसं ठाऊक.

तिने आपला कप उचलला आणि संपवला. मग दीराचा कप ओढला आणि तोही संपवला.

‘चहानं होत नाही तो,’ ती म्हणाली. ‘हात धरल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. डासानं बी होत नाही.’

दीर तिच्याकडे वळला. ‘तुले काय मालूम?’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्यावर ट्रॅक्टरचं चित्र होतं.

‘पेपरात आलतं,’ ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. ‘याईनंच छापलं. इचारा.’

माझ्या दोनशे शब्दांत यातलं एक अक्षर नव्हतं. खोली क्रमांक होता, अधीक्षकांचं मनोगत होतं, आणि भिंतीवर नवीन रंगकाम झालं तेही होतं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘छापलं होतं.’

साक्षीदारांसमोर जाणूनबुजून दिलेली चुकीची माहिती म्हणून माझ्या कारकिर्दीत एवढी एकच नोंद आहे.

माझा आधार मिळाल्यावर ती थांबेचना. ‘मले आजारच नाही,’ असं खिडकीवाल्या बाई मध्येच म्हणाल्या, त्यावर ती म्हणाली, ‘नसला तं चांगलंच. असला तरी चालते. एकच गोळी राह्यते. रोज एका टायमाले. पह्यले पंधरा दिवस डोकं गरगर करते अन् सपनं पडते भलते, मंग काही नाही. टाइम चुकवाचा नाही, बस. मंग रगत पाह्यते मशीनवर. मशीनले सापडतच नाही काही. अन् जे मशीनले सापडत नाही ते गावाले काऊन सापडावं?’

‘हे बी पेपरात आलतं?’ दीराने मला विचारलं.

‘हे बी,’ मी म्हणालो.

खिडकीवाल्या बाई वांगीवाल्या बाईकडे पाहत होत्या. वीस वर्षं त्यांच्या खिडकीशी लोक वाकत आले होते आणि ‘आमच्या शेजारच्याले असं होते’ म्हणून स्वतःचं दुखणं सांगत आले होते. पेपरात वाचलेलं काय आणि अंगावर काढलेलं काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत असणार. तो आवाज आता निघाला असता तर रस्त्यावर ऐकू गेला असता.

त्यांनी कप गोळा केले. आत गेल्या. भरून आणले. वांगीवाल्या बाईसमोर कप ठेवत त्या म्हणाल्या, ‘इहीणबाई, साखर कमी झालती काय मंघाशी?’ आवाज इतका हळू होता की दारातल्या मुलाने आईकडे चमकून पाहिलं.

‘नाही वं. बरोबर होती.’

मग त्यांनी दीरासमोर कप धरला आणि धरूनच ठेवला. ‘उपास सुटला काय, इवाई?’

तीन माणसं बघत होती आणि एक पेपरवाला. दीराने कप घेतला. बशीत ओतून, फुंकून, संपवला.

मला फाटकापर्यंत सोडायला खिडकीवाल्या बाई आल्या. ‘भाऊ, तो खुलासा राहू द्या.’

‘लोक बोलतील.’

‘बोलू द्या. वीस वर्षं म्या लोकाईचं वरडलं. सहा महिने लोक माह्यं वरडतीन. फिटलं.’

रविवारी साखरपुडा झाला. मी जेवलो. बुंदी चांगली होती.

अर्जांचा निकाल पुढच्या आठवड्यात आला. ‘नवस हे कारण तरतुदीत बसत नाही,’ असा शेरा मारून सगळे फेटाळले होते. औषध घराजवळच घ्यावं लागणार होतं. पुढच्या महिन्यात मी रुग्णवाहिकेच्या टायरची बातमी करायला दवाखान्यात होतो, तेव्हा रांगेत वांगीवाली बाई उभी दिसली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत कार्ड. तिच्या मागेपुढे वीस माणसं होती, त्यांतली दोन तिच्या गावची.

तिचा नंबर आला. ती वाकली. खिडकीवाल्या बाईंनी कागद घेतला, लिहिला, आणि मान वर करून, पूर्वीपेक्षाही मोठ्याने ओरडल्या:

‘गुडघे! सहा नंबर!’

सहा नंबर कशाचा हे रांगेला ऐकून माहीत होतं, पण या आवाजाने सांगितलेला आजार वीस वर्षांत कधी खोटा निघाला नव्हता. मागच्या म्हातारीने लगेच एरंडाचं तेल सुचवलं. वांगीवाली बाई किंचित लंगडत सहा नंबरकडे गेली. दोन माणसांनंतर एक टोपीवाला गृहस्थ खिडकीशी वाकला, काही पुटपुटला. ‘गुडघे! सहा नंबर!’ त्याच्यानंतर एक तरुण. ‘गुडघे!’ त्याचं वय पाहून रांग हळहळली.

समुपदेशकाकडे केंद्र बदलायचे नवीन अर्ज येणं महिन्याभरात थांबलं. पंखा तर पाहुणे गेल्यावर आठ दिवसांतच सुरू झाला होता. थंड पाण्याचं यंत्र राहिलं. अधीक्षकांना मात्र गुडघ्यांचं कोडं उलगडलं नव्हतं, आणि तालुक्याला अस्थिरोगतज्ज्ञ मिळावा म्हणून त्यांनी वर पत्र लिहिलं. ते आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकाच्या हाती लागलं. त्यांनी चार कॉलमी बातमी केली: तालुक्यात गुडघेदुखीची साथ, पाण्याचे नमुने तपासण्याची मागणी.

वृत्तसंपादकांचा फोन आला. ‘आपल्याकडे का नाही? दोनशे शब्द, चारच्या आत.’

मी म्हणालो, बातमीत तथ्य नाही. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हणालो, सूत्र सांगता येत नाही. हे मात्र खरं होतं.

औषध घराजवळ मिळतं, तरी ती बाई महिन्यातल्या एका गुरुवारी शेगावला जातेच. मी विचारलं तर म्हणाली, ‘सरकारी कागदावर नवस लिवून देला त्या बाईनं. आता फेडा लागन ना.’ परवा त्याच बसने मलाही शेगावला जायचं होतं. बस भरलेली होती. मागच्या दाराने दोन बायका चढल्या. एकीच्या हातात रिकामी पिशवी होती, कचोरीसाठी. दुसरीचा आवाज आधी आत आला.

‘उठ बे! जागा दे! बाईचे गुडघे दुखते!’

खिडकीजवळचा एक तरुण उठला. वांगीवाली बाई, जी रोज वावरात मैलभर फिरते, पाय चोळत तिथे बसली. तरुण दांड्याला लटकून आदराने म्हणाला, ‘मावशी, आपल्या दवाखान्यात सहा नंबरले दाखवा एक डाव. गुडघ्याची लय भारी गोळी भेटते म्हणते तिथी.’

‘हाव काय?’ ती म्हणाली. ‘पाह्यन मंग.’